चिचगडचा डोंगर आणि धावणाऱ्यांच्या जोड्या

मला लोक तापट म्हणतात आणि ते काही खोटं नाही. पण जानेवारीच्या शेवटी, ऐन शर्यतीच्या सकाळी, चिचगडच्या डोंगरावर काळं आभाळ उतरतं आणि आदल्या दिवशी कंबर मोडेपर्यंत चुन्याच्या फक्कीने आखलेले बाण डोळ्यांदेखत वाहून जातात, तेव्हा शांत राहणारा माणूस मला कुणी दाखवावाच.

शर्यत काढली होती मी आणि माझ्या एका मित्राने. आम्ही दोघे आमगावचे. माझा धान्याचा व्यापार, तो शाळेत खेळ शिकवतो. पहाटे रेल्वेच्या बाजूच्या रस्त्याने धावताना एक दिवस त्याने खूळ काढलं की सातारा-पुण्याकडे लोक डोंगरात धावतात, मग आपल्या देवरी तालुक्यातले डोंगर काय शोभेला ठेवलेत? झालं. परवानग्या मिळवता मिळवता आमचं धावणं बंद पडलं, हा भाग वेगळा. चिचगडहून निघायचं, सागाच्या जंगलातून डोंगर चढायचा, पलीकडे उतरून वळसा घालून परत गावात यायचं, असा एकवीस किलोमीटरचा रस्ता ठरला.

माझ्या बायकोनेही नाव दिलं. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं म्हणून ती सकाळी बाहेर पडायला लागली होती, आणि वर्षभरात चालण्याचं धावणं कधी झालं ते घरात कुणाला कळलं नाही. मी म्हणालो, "डोंगर आहे तो. बाजारातून भाजी आणणं नाही."

"मले मालूम आहे," ती म्हणाली. कणीक मळणं थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं. "फक्त एक आयका. मले अर्ध्यातून गाडीत टाकून आणू नका. बारावी अर्ध्यातून सुटली, शिवणाचा क्लास अर्ध्यातून सुटला. हे एक तरी पुरं करू द्या."

इतक्या वर्षांत तिने बारावीचा विषय काढला नव्हता. मी गडबडीत हो म्हणून टाकलं. आभाळाचा अंदाज घेऊन शब्द द्यावा, एवढी अक्कल त्या वेळी सुचली नाही.

शर्यतीच्या सकाळी पहिला भडका उडाला तो मात्र पावसामुळे नाही. आसपासच्या गावांतले धावणारे नंबर घ्यायला आले ते दोघे-दोघे आले, आणि दोघांत मिळून एकच नंबर मागायला लागले. हे दिवस शंकरपटाचे. गावोगावी बैलजोड्यांच्या शर्यती चाललेल्या. शर्यत म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर जोडीच येणार, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. माईकवर बोलायला आम्ही जो माणूस आणला होता तोही पटाचाच. तोच त्यांची वकिली करायला लागला.

"एकेकाने धावायचं आहे," मी ओरडलो.

"एकटा कसा धावन जी?"

"पायांनी!"

"पटात का एकच बैल सोडतेत?" तो शांतपणे म्हणाला. बाजूला उभे असलेले सगळे मान हलवत होते, जणू अडाणी मीच.

माझा मित्र पोट धरून हसत होता. त्याने मला बाजूला ओढलं आणि म्हणाला, "धावू दे ना बा, तुझं काय जाते?" प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा आणि धावायचं तसं धावा म्हणायचं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. तेवढ्यात माईकवाल्याने साऱ्या गावाला ऐकवूनही टाकलं की जोडीतला एक मागे राहिला तर जोडी बाद. माझ्या नियमांत असं काहीही नव्हतं. पण भोंग्यातून एकदा निघालेला शब्द परत घेता येत नाही, आणि तिथून पुढे तो नियमच झाला.

आता शहरातून एकटे आलेलेही जोडीदार शोधायला लागले. माझी बायको एका कडेला उभी होती. चिचगडचीच एक बाई, वयाने तिच्याएवढीच, लुगड्याचा काष्टा मारून आणि पायात मुलाचे बूट घालून तिच्यापुढे येऊन उभी राहिली. तिची जाऊ जोडीला यायची होती, ती तापाने पडली होती. "तुमाले कोनी आहे का?" तिने विचारलं. बायकोने नाही म्हणून मान हलवली. "मंग चाला," ती म्हणाली, आणि दोघींची जोडी जमली.

विजा थांबेपर्यंत आम्ही सगळ्यांना शाळेच्या व्हरांड्यात कोंडून ठेवलं. आभाळ जरा उघडल्यावर शर्यत सोडली. फक्की गेलेली, म्हणून प्रत्येक वळणावर गावातली माणसं उभी केली. खताच्या गोण्यांची खोळ डोक्यावर घेऊन ती भिजत उभी राहिली, आणि त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. पुढचे धावणारे डोंगरमाथा ओलांडत असतील-नसतील तोच वारा फिरला आणि गारा पडायला लागल्या. चांगल्या बोरांएवढ्या. मंडपाचं एक टोक उडालं, तर्रीच्या पातेल्यात पाणी शिरलं, आणि डोंगर धुक्यात असा गेला की तिथे डोंगर होता हे ऐकीव वाटावं. वर फोन लागत नव्हते. मी मित्रावर ओरडलो, मंडपवाल्यावर ओरडलो, शेवटी आभाळावरही ओरडलो. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी ओरडतो.

मग ते यायला लागले. दोघे-दोघे. पोलीस भरतीची तयारी करणारा आमगावचा एक पोरगा पहिला येणार अशी माझी खात्री होती. तो आला तो पाय मुरगळलेल्या जोडीदाराला खांद्यावर घेऊन, चालत, कितीतरी मागून. मी म्हणालो, "तू पुढे काऊन नाही निघून गेला रे?"

"जोडी बाद झाली असती ना काका," तो म्हणाला, आणि हसायला लागला. थंडीने त्याचे दात वाजत होते.

त्या धुक्यात, त्या चिखलात एकही माणूस एकटा सापडला नाही. ज्या नियमावर मी सकाळी फणफणलो होतो त्याने माझी शर्यत वाचवली, हे मला तिथेच कळलं. मित्राला कळू दिलं नाही.

शेवटी सगळे आले. राहिल्या त्या दोघीच.

वर गाडी पाठवली तर ती डोंगराच्या पायथ्याशी गाळात रुतून बसली. मी थर्मास घेतला, घोंगडी घेतली आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्यानिशी परतीच्या बाजूने डोंगर चढायला लागलो. गारा थांबल्या होत्या, पाऊस बारीक झाला होता, पण दगडांवरून पाय सटकत होता. चढताना मी मनात भाषण तयार करत होतो. शब्द गेला खड्ड्यात. खालून बैलगाडीची एक वाट सरळ रस्त्याला लागत होती. तिला तिथून न्यायचं, अंगावर घोंगडी टाकायची, विषय संपला.

अर्ध्या चढावर त्या मला भेटल्या. उतरताना एकमेकींचा हात धरून, आडव्या पावलांनी, विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तशा येत होत्या. बायकोच्या कोपराला रक्त होतं. ओठ निळे पडले होते. ती धडधाकट समोर दिसली आणि माझं अर्धं भाषण तिथेच विरघळलं. उरलेलं मी सुरू केलं. ही वाट जवळची आहे, अंधारून आलं आहे, आता हट्ट पुरे.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अजी, बाकीच्याईले याच रस्त्यानं येऊ देलं ना?"

"हो."

"त्याईले या वाटेनं जा म्हनलं का?"

"नाही."

"मंग?"

विजा गेल्या होत्या. तिच्या पायांना काही झालं नव्हतं. दुसऱ्या कुणाची बायको असती तर मी थर्मास पुढे केला असता आणि शाब्बास म्हणालो असतो. भीती माझी होती, आणि तिने ऊब म्हणून ती अंगावर घ्यावी असं मला वाटत होतं.

"भाऊजी," चिचगडची बाई म्हणाली, "बाजूले व्हा जी. अंग थंडं पडून राहिलं."

मी बाजूला झालो. दोघींनी थर्मासच्या झाकणातून दोन-दोन घोट चहा घेतला, घोंगडी घेतली नाही, आणि निघाल्या. सागाच्या आड गेल्या तेव्हा त्यांच्यापैकी एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या मागे धावण्याची माझ्या गुडघ्याची लायकी नव्हती. मी एका भिजल्या दगडावर टेकलो. ज्या आयोजकाने शर्यतीच्या शेवटी दोरीपाशी उभं राहायचं, तो आता डोंगरावर घोंगडी सांभाळत बसला होता.

बराच वेळ नुसतं पाणी ठिबकत होतं. मग खालून भोंगा खरखरला. मला वाटलं होतं, सामान आवरून लोक घरी गेले असतील. कुणी गेलं नव्हतं. आधी आरडाओरडा ऐकू आला, शिट्ट्या आल्या, कुणीतरी डब्बा बडवत होतं. पटात जोडी आली की तिचं गाव पुकारतात. माईकवाल्याने तिला गाव विचारलं असणार, आणि तिने आमगाव सांगितलं नव्हतं.

"कामठा!" भोंगा ओरडला. "कामठ्याची आन् चिचगडची जोडी! दोघीबी संगंच!"

कामठा तिचं माहेर. बारावीच्या मधूनच तिला मी जिथून लग्न करून आणलं, ते गाव. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.