रिकाम्या खुर्चीपुढे श्रुतीपेटी वाजत होती

आज सकाळचंच सांगते. केमो सुरू झाल्यापासून मी चामराजपुरमच्या घरातून ऑनलाइन ध्यान-संगीताच्या वर्गाला बसते. आम्ही आठ जण, सगळे ट्रीटमेंटवरचे.

आमच्यात हजेरी घेत नाहीत. एकेकाने माइक उघडून एका श्वासाचा 'सा' लावायचा, झाली हजेरी. कोण का आलं नाही, हे विचारायचं नाही.

रोज एकाच्या घरची श्रुतीपेटी सगळ्यांसाठी सूर धरते. आज पाळी हिनकलच्या टेलर रंगाकाकांची. कॅमेरा चालू, पेटी वाजतेय, खुर्ची रिकामी. त्यांचा 'सा' आलाच नाही. वर्ग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा."

मी मिटले नाहीत. स्क्रीनवर काकू आल्या, खुर्चीवरची शाल उचलून घडी घातली. नियम मोडून मीच विचारलं, "काका कुठायत?"

"आयतु, झालं आता," असं कन्नड-मराठी मिसळून म्हणत त्यांनी पेटी बंद केली.

मागच्या आठवड्यात एका बाईंची पाळी झाली, त्याही नंतर दिसल्या नाहीत.

आत्ताच ग्रुपवर माझ्या नावाने मेसेज आलाय: उद्या पेटी तुमची. काकांबद्दल एक अक्षर नाही. मी पेटी पुढ्यात घेऊन बसलेय. तुम्ही असता तर आधी काय केलं असतं? 'हो' लिहिलं असतं, की काकूंना फोन?