वहिनींनी बोट हळू केली

मीनलचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून वाद घालत होतो, आणि जिंकत होतो. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही… सेक्रेटरी पुढे काय बोलला ते मला आठवत नाही. माझी गाडी अजूनही त्याच वादग्रस्त जागेत उभी असते आणि तो बिचारा काही म्हणत नाही. वसुधावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मीनल लग्न होऊन बेंगळुरूला. वहिनी कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. जन्मभर त्यांनी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवलं, तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत विद्यार्थी येणार हे धरलेलंच होतं. पण एका टेम्पोतून पानशेतच्या वाटेवरच्या एका गावातली माणसं उतरू लागली, तेव्हा आमचे नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागले. हे कोण, असं आत्तेभावानं मला हळूच विचारलं. वहिनींच्या बोटीचे लोक, मी म्हणालो. दुःखानं माझं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या बोटीविषयीच मला लिहायचं आहे. वहिनींच्या हातची आमटी, त्यांचा तिरकसपणा, त्यांनी घडवलेले इंजिनियर हे सगळं शोकसभेत बोलून झालं. बोटीविषयी कुणी बोललं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी वहिनी आणि मी धरणाच्या काठावर पिठलं-भाकरी खायला गेलो होतो. तिथल्या गावाकडे एक मोठी स्पीडबोट होती. शहरातल्या कुणा बिल्डरनं परदेशातून हौसेनं आणलेली, आठ सिलिंडरचं शर्यतीचं इंजिन असलेली. हौस फिटल्यावर त्यानं ती गावातल्या तरुणांना देऊन टाकली. गावानं तिला बुडणाऱ्यांना काढण्याच्या कामाला लावलं, कारण तिथे दर मोसमात पुण्याचं कुणी ना कुणी पाण्यात उतरतंच. आम्ही खात असतानाच आरडाओरडा झाला. एक तिशीचा माणूस आत गेला होता आणि त्याचे हात तेवढे दिसत होते. दत्ता नावाचा गावातला गडी ती बोट घेऊन असा सुटला की पाणी दुभंगलं. आम्हाला वाटलं, वाचला. माणसाच्या जवळ आल्यावर दत्तानं वेग कमी केला आणि इंजिनानं दोन आचके देऊन मान टाकली. बोट वाऱ्यानं बाजूला सरकायला लागली. दत्तानं उडी मारली, पोहत गेला… पण तोवर हात दिसेनासे झाले होते.

काठावर माणसं रडत होती. दत्ता ओल्या कपड्यांनी डोकं धरून बसला होता. आणि वहिनी त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "इंजिन तुम्ही बंद केलंत, की ते आपोआप पडलं?" लोकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. दत्तानं मात्र मान वर केली. "पडलं, म्याडम. स्लोला घेतलं की पडतंय. कायम असंच हाय."

परतताना धायरीपर्यंत त्या बोटानं डॅशबोर्डवर ठोके मोजत राहिल्या. मग म्हणाल्या की त्या माणसाला पाण्यानं नाही मारलं, भाऊजी, एका ठिणगीनं मारलं. मला काही कळलं नाही, तर त्यांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. पेट्रोलच्या इंजिनात दर स्फोटाला एक ठिणगी लागते, आणि ती नेमक्या क्षणी पडावी लागते. जुन्या पद्धतीत दोन छोटे धातूचे पॉइंट उघडतात-मिटतात, त्यावर सगळा खेळ. ते झिजले, त्यांचा दांडा डगमगायला लागला, की एक ठिणगी लवकर पडते, एक उशिरा, एक पडतच नाही. इंजिन जोरात पळत असताना हे खपून जातं. धावणाऱ्या माणसाचं एखादं पाऊल चुकलं तरी तो वेगात सावरतो. पण एका पायावर उभं राहायचं असेल तर जरासाही तोल जाऊन चालत नाही. "बुडणाऱ्याकडे वेगानं जाणं कुणालाही जमेल. त्याच्यापाशी थांबता आलं पाहिजे," असं त्या म्हणाल्या. मी बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस. मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील.

पुढच्या शनिवारी सकाळी त्या माझ्या दाराशी हजर. पायात बूट, हातात दादाची हत्यारांची पेटी. मी गाडी काढली. त्या वयात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या बोटीच्या मागच्या खोक्यात डोकं घालून अशा वाकल्या की गावच्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की गावानं आपल्या परीनं इलाज केला होता. इंजिन हळू चालताना पडू नये म्हणून स्क्रू पिळून त्याचा किमान वेगच वाढवून ठेवला होता. त्यामुळे गिअर टाकला की बोट उडी मारायची. बुडणाऱ्याजवळ अशी उडी मारली तर त्याच्याच डोक्यावर जायची, म्हणून दत्ता वेग अगदीच तोडायचा, आणि मग इंजिन मरायचं. दोन्हीकडून पंचाईत. त्यातून गावच्या पोरांना त्या इंजिनाचा धडधडाट फार प्रिय. शर्यतीचं इंजिन म्हणजे असंच गुरगुरणार, असं ती अभिमानानं सांगत. वहिनींनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि त्याचं पोट बिघडलंय असं निदान केलं.

डगमगणारा दांडा दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. पॉइंटवाला सगळा डिस्ट्रिब्युटरच, म्हणजे ठिणगी वाटून देणारा भाग, काढून तिथे इलेक्ट्रॉनिक बसवायचा, जाडजूड कॉइल, नव्या तारा, नवे प्लग, असं ठरलं. आणि इथेच गोंधळ झाला. वहिनी आठवडाभर सर्दीनं घरी होत्या तेवढ्यात दत्ताच्या चुलतभावानं भंगारातून एका मोटारीचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर पैदा केला. इंजिन मुळात मोटारीचंच, त्यामुळे तो चपखल बसला. आम्ही शनिवारी पोहोचलो तर बोटीला हार, काठावर फोडलेला नारळ, आणि इंजिन खरोखरच शांत चालत होतं. सगळ्यांचे चेहरे फुललेले. मलाही वाटलं, चला, सुटलो. वहिनींनी झाकण उघडलं, बघितलं, इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, हे काढा.

गाव नाराज झालं, आणि त्यात गैर काही नव्हतं. दत्ता अदबीनं म्हणाला, "म्याडम, चालतंय की." चालतंय हेच तर भय आहे, असं म्हणून वहिनी त्या इंजिनाच्या झाकणावर बसल्या त्या उठेचनात. मोटारीच्या खालून वारा वाहतो, बोटीचं पोट बंद असतं. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती तळाशी साचते आणि मोटारीचा डिस्ट्रिब्युटर आतल्या आत ठिणग्या पाडत असतो, उघडाच. बोटीचा वेगळा असतो. त्याच्या भोकांना बारीक जाळी असते, आतला जाळ बाहेर येत नाही. हे त्यांनी सांगितलं आणि कुणाला पटलं नाही. मग त्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा मागवला. तोच डिस्ट्रिब्युटर त्यात बसवला, दांडा भोकातून बाहेर काढून त्याला ड्रिल मशीन लावलं, कॉइल आणि बॅटरी लांब ठेवली. आत पेट्रोलचे काही थेंब टाकून झाकण नुसतं टेकवलं आणि सगळ्यांना देवळाच्या भिंतीमागे पाठवलं. लांबून बटण दाबलं. तो आवाज अजून माझ्या छातीत आहे. झाकण उडून बाभळीत जाऊन अडकलं. काठावरची बगळ्यांची रांग उठली. धूर निवळल्यावर पदर झटकत वहिनी म्हणाल्या, "हा डबा होता. बोटीत तुम्ही असता." त्यानंतर गावात त्यांचं म्हणणं कुणी खोडलं नाही. मी तर घरातही खोडलं नाही.

बोटीसाठीचा डिस्ट्रिब्युटर परदेशातून यायचा होता आणि तो येता येत नव्हता. तोवर वहिनींनी बोट पाण्यात उतरवू दिली नाही. लोक स्पष्ट बोलत नसत, पण उद्या कुणी बुडालं तर काय, हा प्रश्न चहाच्या टपरीवरही आमच्याकडे बघत असायचा. एकदा येताना सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत आम्ही अडकलो होतो, आणि त्या समोर बघत म्हणाल्या, "आणि खरंच कुणी गेलं तर, भाऊजी… मी काय करू हो?" उभ्या आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा एकमेव प्रश्न ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. तोपर्यंत मला त्यांचं कौतुक वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ही बाई किती वजन घेऊन शांतपणे शेजारी बसली आहे. दत्ता आणि त्याचे सोबती त्या दिवसांत होडी वल्हवत काठाकाठानं फिरत राहिले, पाण्यात उतरणाऱ्याला हाकलत राहिले. कुणी गेलं नाही. हे नशीबच, त्याचं श्रेय वहिनी कुणालाही घेऊ देत नसत, स्वतःलाही नाही.

शेवटी खोकं आलं. धायरीतल्या एका लेथवाल्याकडून एक बारीक पट्टी करून घेतली आणि सगळं जागच्या जागी बसलं. मग परीक्षा. वहिनींनी मार्केट यार्डातून लाल भोपळे आणले, चांगले मोठे. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ते ओळीनं बसून आले. एक भोपळा धरणात सोडून त्यांनी दत्ताला सांगितलं की हा माणूस आहे. बोट गिअरमध्ये, इंजिन हळू. भोपळ्याला बोटीचा धक्का लागता कामा नये, तुमचा हात लागला पाहिजे, आणि इंजिन चालू राहिलं पाहिजे. पुण्यात आमची पिढी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली. त्या भोपळ्याला बुडणारा माणूस करण्याची कल्पना त्यांनाच सुचावी. पहिले भोपळे फुटले. इंजिन पडत नव्हतं, पण बोट अजून जरा पुढे रेटायची. वहिनी बोटीत बसूनच ठिणगीची वेळ केसभर मागेपुढे करत, प्लगची फट मोजत, इंजिनाचा वेग उतरवत. किमान वेग जेवढा खाली आणता येईल तेवढा हवा, आणि तिथे ते टिकायला हवं. शर्यतीचं इंजिन शिवणयंत्रासारखं कधीच चालणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. ते थोडं घोरेल, म्हणाल्या, पण झोपेत पलंगावरून पडणार नाही. तो सगळा महिना गावात घरोघरी भोपळ्याची भाजी होती. एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन, बाईंना आता दुधी आणायला सांगा, अशी विनंती केली.

आणि मग एका सकाळी दत्तानं तो भोपळा उचलला. बोट पाण्यावर सावकाश सरकत आली, जणू गोठ्यात गाय येतेय, भोपळ्याशेजारी थांबली, इंजिन घुरघुरत राहिलं, आणि दत्तानं वाकून दोन्ही हातांनी भोपळा वर घेतला. काठावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या रविवारी बुडालेला तो माणूस सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे आला असणार. वहिनींनी चष्मा काढून पुसला आणि "परत एकदा," एवढंच म्हणाल्या. दत्तानं परत केलं. आणि परत. मी देवधर्म फारसा मानत नाही, पण ज्याला लोक साक्षात्कार म्हणतात ते काहीसं तेव्हा माझ्या अंगावरून गेलं. एका माणसाचं मरण बघून सगळे हळहळतात आणि घरी जातात. ही बाई परत आली, आणि त्या मरणाचं नेमकं कारण शोधून तेवढंच दुरुस्त करून गेली.

त्यांचं दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी दत्ताचा फोन आला. आदल्या संध्याकाळी एक कॉलेजची मुलगी खडकावरून घसरली होती. काठावरची माणसं वेगवेगळ्या दिशांना बोटं दाखवत होती, उजेड जात होता, पाण्यावर काही दिसेना. दत्ता म्हणाला, "काका, मी मधी जाऊन इंजिन एकदम स्लोला घेतलं आन् समद्यांला गप बसाया सांगितलं. आन् मग ती ऐकू आली. बुडालेल्या बाभळीच्या फांदीला धरून हुती, आवाज पार बसलेला. पहिलं असतं तर त्या धडधडीत काय बी ऐकू आलं नसतं…" मुलगी सुखरूप आहे. तिला वहिनींचं नावही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गाडी काढून गेलो. शेजारची सीट रिकामी घेऊन त्या रस्त्यानं जाणं सोपं नव्हतं, ते सांगत बसत नाही. दत्तानं न विचारता मला बोटीत बसवलं, धरणाच्या मध्यावर नेलं आणि इंजिन हळू केलं. घुरघुर, घुरघुर, एकही ठोका न चुकता. वहिनी गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. मग पलीकडच्या काठावरून कुणी बाई कुणाला तरी जेवायला हाक मारत होती, ती इतक्या लांबून, चालू इंजिनावरून, मला शब्दन्शब्द ऐकू आली. नाव माझं नव्हतं. तरी मी ओ दिली.