भेगेवरची काच

जुनी इमारत तपासायला आमच्या खात्यात दोनच अवजारं लागतात, बुटाचं टोक आणि बुलडोझर. भिंतीला लाथ मारायची, पोपडा पडला की ‘धोकादायक’ असा शेरा मारायचा आणि सरपंचांच्या घरी जेवायला बसायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या मंडळींत शहाणा मी एकटाच, अशी माझी खात्री होती.

सेनगाव तालुक्यातल्या एका गावात निजामाच्या काळातली शाळा कैक वर्षं बंद होती. दगडी पाया, चुन्यातल्या भिंती, सागाच्या तुळया. गावातल्या पोरींना तिथं अभ्यासिका हवी होती, सरपंचांना दुकानांचे गाळे. भिंत खचत नसेल तर डागडुजी करून इमारत वापरायची, खचत असेल तर पाडायची. ठरणार होतं माझ्या अहवालावर.

पावसाळ्याच्या तोंडावर मी मागच्या भिंतीतल्या भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली की काच तडकते. ग्रामपंचायतीची झाडलोट करणारी मावशी शेजारीच उभी होती. काचेकडे लक्ष ठेवायचं, एवढंच तिला बजावलं. अंगठा उठवणाऱ्या बाईला आणखी काय समजावायचं?

दिवाळीनंतर गेलो तर काच अखंड. ‘भिंत स्थिर’ असं लिहून मी सहीसुद्धा ठोकली. तेवढ्यात मावशी झाडू बाजूला ठेवून मोठ्या कौतुकानं म्हणाली, “साहेब, तुमची काच तीनदा फुटली. फोटोच्या फ्रेमवाल्याकून मी दर खेपी नवी आणून डकवली.”

माझं डोकं फिरलं. खचणाऱ्या भिंतीखाली मी पोरींना बसवायला निघालो होतो. अक्कल विकून खाल्लीस का, इथपर्यंत मी बोललो. मग तिनं विचारलं,

“लावता वक्ती मी हितंच व्हते. मंग काच कशापायी हाय, ते काहून न्हाई सांगितलं?”

लाज वाटली, पण ती गिळून मी विचारलं, कधी कधी फुटली? तिला सगळं पाठ होतं. नागपंचमीला, पोळ्याच्या आदल्या दिवशी आणि घटस्थापनेला. तिन्ही वेळा नाली तुंबून पाणी भिंतीच्या बुडाशी साचलं होतं. तिसऱ्या खेपेनंतर तिनंच फावड्यानं नाली मोकळी केली. त्यानंतरही पाऊस झाला, पण काच फुटली नाही. म्हणजे पायाखालची काळी माती पाणी पिऊन फुगत होती. रोग नालीत होता आणि तो तिनं शोधला होता.

मी शेरा खोडला. नाली वळवा, भिंतीला टेकू द्या, पाया भरून घ्या, इमारत वापरा, असं नव्यानं लिहिलं. शाळा वाचली. आज तिथं पोरी अभ्यास करतात आणि खात्यात माझ्या त्या अहवालाचा दाखला देतात.

अहवालात शेवटी एक रकाना असतो, निरीक्षण कोणी केलं. तिच्यासमोरच मी तिथं माझं नाव लिहिलं. तिला वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं.