टॉवेलाखालचे सत्तर टक्के

"नवी बाई लई गोड बोलते," आण्णा म्हणाले. "माल खपवायला आल्यावानी. मला आपली जुनीच पायजे."

मी बॅग खाली ठेवली. घोडेगावच्या स्टँडवरून उन्हातून चालत आले होते, आणि फोनवर त्यांच्या सुनेनं, सुनंदाताईंनी, एवढंच सांगितलं होतं की कॉम्प्युटर बिघडलाय. तो बिघडलेला नव्हता. छान चालत होता. आमच्या धंद्यात याहून अवघड काम नाही.

नगरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "मेकॅनिक बाईमाणूस हाय व्हय?" असं आण्णांनी दारातच विचारून घेतलं. सुनंदाताई ओशाळल्या. मला सवय आहे.

आण्णांनी उभं आयुष्य इथल्या बाजारात म्हशींची दलाली केली. पुढे काचबिंदूनं डोळे गेले, तेव्हा मुलानं हा डेस्कटॉप आणून दिला. त्यात पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. आवाज बाईचा, इंग्रजी वळणाचा, अगदी रुक्ष. आण्णा जुने मॅट्रिक. ते इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे आणि ती बाई जमेल तसं वाचायची. 'घोडेगाव' काही तिला कधी नीट म्हणता आलं नाही. पण तिचंच बोट धरून ते कीबोर्ड शिकले आणि हाताखालून गेलेल्या म्हशींच्या आठवणी लिहायला बसले.

दिवाळीत मुलगा पुण्याहून आला. वडील लिहितात याचं त्याला कौतुक, म्हणून त्यानं हौसेनं सगळं सॉफ्टवेअर नवीन करून दिलं. कंपनीनं नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती जुनी बाई ठेवलीच नव्हती, तिच्या जागी ही गोड बोलणारी आली होती. तेव्हापासून आण्णांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"जेवनबी कमी झालंय," सुनंदाताई हळूच म्हणाल्या. "नुसतं तोंड भिताडाकडं करून बसत्यात."

मी मोबाईलवर चार वेगळे आवाज ऐकवले. एक तर चक्क शुद्ध मराठी बोलणारा होता. आण्णा मान तिरकी करून प्रत्येकाला ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "न्हाई." बाजारात त्यांनी किती जनावरं अशी परत धाडली असतील, देव जाणे.

मग एकच रस्ता उरला. कंपनीचा कॉम्प्युटर विकत घेतला की त्याच्या डिस्कवर एक लपवलेला कप्पा असतो. फॅक्टरीतून निघताना मशीन जसं होतं, तसंच्या तसं सॉफ्टवेअर त्यात ठेवलेलं असतं. सुरू होताना ठरावीक बटण दाबलं की तो कप्पा उघडतो आणि मशीन पुन्हा पहिल्या दिवसाचं होतं. मधलं सगळं पुसलं जातं. याला आम्ही फॅक्टरी रिस्टोअर म्हणतो. मुलानं कप्प्याला हात लावला नव्हता. पण मी डिस्क तपासली, तर नेमकी त्या कप्प्यातच एक जागा खराब निघाली.

"आण्णा, काम तिथं अडकू शकतं," मी म्हणाले. "अडकलं तर नवीन सॉफ्टवेअर मी परत टाकून देईन. पण जुनी बाई कायमची गेली म्हणून समजा."

"आन् न्हाई केलं तर?"

"तर ती कप्प्यातच राहील."

"कप्प्यात ऱ्हाऊन ती कुनाशी बोलनार हाय? कर तू."

आधी त्यांच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या. शेवटची उघडून पाहिली. चंद्री नावाच्या म्हशीची गोष्ट होती आणि ती वाक्यातच थांबली होती. 'चंद्री नदीत उतरली आणि'. एवढंच.

"आणि काय, आण्णा?"

"ते तिच्याम्होरं सांगीन."

बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी आली. शून्य टक्के. आता मशीन बोलणार नव्हतं, म्हणून मी म्हणाले की मी आकडे वाचून दाखवते.

"आकडा तोंडानं बोलायचा न्हाई," आण्णा दचकून म्हणाले. "सौदा पक्का हुईस्तोवर कदीच न्हाई." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. घोडेगावच्या बाजारात भाव असाच ठरायचा, टॉवेलाखाली बोटं दाबून. शेजारी उभ्या माणसालाही कळू द्यायचं नाही. "एक बोट म्हंजी धा. आख्खा पंजा धरला की पन्नास. आन् टॉवेलाखाली खोटं बोलत न्हाईत, पोरी."

मी टॉवेलाखाली हात घातला. त्यांचा तळवा खरखरीत आणि गार होता. पहिलं बोट दाबलं. दहा.

खरं सांगते, अशी पट्टी सरकताना पाहिली की माझी तंद्री लागते. दुकानातही लागते, गिऱ्हाईकं हाका मारत राहतात. वर पंखा फिरत होता. मागच्या गोठ्यातून पेंडीचा वास येत होता. दुसरं बोट, तिसरं बोट. मला वाटायला लागलं की मशीनच्या आत एकेक वर्ष मागे चाललंय. दिवाळी गेली, तिच्या आधीच्या दिवाळ्या गेल्या, आता थोड्या वेळानं आण्णांना दिसायलाही लागेल. असला वेडेपणा कुणाला सांगायचा नसतो. पंजा धरला. पन्नास. मग एक बोट. मग दोन.

आणि पट्टी थांबली.

सत्तर. पुन्हा सत्तर. सुनंदाताईंनी चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली तरी सत्तरच. माझं मन मला म्हणालं, दाब अजून एक बोट, म्हाताऱ्याला तेवढाच धीर. बोट हललंसुद्धा. पण हात टॉवेलाखाली होता.

"अडलं न्हवं?" आण्णांनी विचारलं.

"अडलंय."

कॉम्प्युटरच्या डब्यातून कटकट असा बारीक आवाज येत होता आणि डिस्कचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे ती खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न चालू होता. अशा वेळी आपण हात आवरायचा, मशीन बंद करायचं नाही. हे मला पक्कं माहीत आहे, तरी नजर बंद करायच्या बटणाकडे जात होती.

"रवंथ चाललंय तिचं," आण्णा कान देऊन म्हणाले. "चालू दे."

आम्ही बसून राहिलो. मला नक्की डुलकी लागली असणार, कारण कटकट थांबल्याचं मला त्यांच्याच हातानं कळलं. तो एकदम ताठ झाला होता. मी डोळे उघडले. एकोणऐंशी. मग ऐंशी. मी तिसरं बोट इतक्या जोरात दाबलं की ते हसले.

शंभर झाल्यावर आण्णांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. सौदा झाला की तसंच करतात.

मशीन सुरू झालं, नाव-गाव विचारलं आणि मग इंटरनेट मागितलं. माझा हात सवयीनं वायरकडे गेला. तिथंच थांबवला. वायर लावली असती, तर सगळं आपोआप नवं करून टाकायला ते पुन्हा मोकळं झालं असतं. मी वायर गुंडाळून सुनंदाताईंच्या हातात दिली.

मग फायली परत भरल्या आणि वाचनाचा प्रोग्राम चालू केला. बाई बोलली. रुक्ष, सपाट, अजिबात गोड नाही. आण्णांनी खुर्ची पुढे ओढली आणि माझ्याकडून चंद्रीची फाईल उघडून घेतली. बाईनं आपल्या मोडक्या उच्चारात वाचलं, चंद्री नदीत उतरली आणि.

आण्णा टाइप करायला लागले. ती एकेक अक्षर म्हणत गेली आणि शेवटी तिनं ओळ सबंध वाचली. 'आणि मला काठ दिसत नव्हता, म्हणून मी तिचं शेपूट धरलं.'

आण्णांनी तोवर पुढची ओळ सुरू केली होती. मी आहे हे ते विसरलेच होते.

डब्याच्या मागे मी कागदाची पट्टी चिकटवून आले, 'इंटरनेटची वायर लावू नये'. मुलालाही फोन करून सांगितलं. तो बिचारा पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होता.

आता दुकानात कुणी म्हणालं, "मॅडम, सगळं नवीन टाकून द्या," की मी आधी विचारते, जुन्यातलं काय धरून बसलाय? बहुतेकांना चटकन सांगता येत नाही. मग मी त्यांना खुर्ची देते आणि थांबते.