सहा नंबरचा बूट

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममधले दोघं जरी एखाद्या लग्नात भेटले, तरी नवरा-नवरी राहतात बाजूला आणि बुटांच्या गोष्टी सुरू होतात. अक्षता पडतात, पंगती उठतात, मांडव सोडायला माणसं येतात, तरी आमचं चालूच! बायको म्हणते, "तुम्ही खेळलात किती आणि बोलता किती!" तिचं बरोबर आहे. चार वर्षांत मी एकूण नऊ मिनिटं खेळलो. पण त्या नऊ मिनिटांची गंमत कळायची तर आधी बाकीचं ऐकावं लागतं.

*

मैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्या सुमाराची गोष्ट. कॉलेज गुलबर्ग्याचं. टीमकडे बूट होते बरोबर अकरा जोड. ते आमचे खेळाचे सर, हमीद सर, लोखंडी पेटीत कुलूप घालून ठेवायचे. प्रॅक्टिस अनवाणी. बूट मिळायचे फक्त मॅचच्या दिवशी, आणि तेही खेळणाऱ्या अकरा जणांनाच. बाहेरच्या कॉलेजशी मॅच असली की रेफ्री बुटाशिवाय कुणाला आत सोडत नसे. त्यामुळे एखादा जखमी झाला की त्याने बाहेर येऊन बूट काढायचे, राखीव गड्याने तेच घालायचे आणि आत पळायचं. म्हणजे राखीव गडी खेळावरून नाही, पायाच्या मापावरून निवडायचा!

दुसऱ्या कॉलेजांत निवडीच्या वेळी विचारत, "कुठल्या जागेवर खेळतोस?" आमचे सर विचारत, "पाँव दिखा."

सात नंबरच्या पायाचे आमच्याकडे पाच राखीव गडी होते आणि नऊ नंबरला एकही नव्हता. म्हणून नऊ नंबरवाल्याला नुसता खोकला आला तरी सर स्वतः काढा घेऊन होस्टेलवर यायचे. सात नंबरवाला लंगडत आला तर वर बघायचेसुद्धा नाहीत.

"मरने दो. पाँच हैं!"

*

नऊ नंबरचा पाय शोधायला सर एकदा आळंदच्या आठवडी बाजारात गेले. पिशवीत नऊ नंबरचा एकच बूट. भाजी निवडायला बसलेल्या लोकांचे पाय बघत हिंडायला लागले. एका म्हाताऱ्याला वाटलं, विकायला आणलाय.

"एकच हाय व्हय? दुसरा कुठं हाय?"

"ग्राउंडपे खेल रहा है," सर म्हणाले.

तिथंच त्यांना कडगंचीचा शिवप्पा सापडला. मॅट्रिक पास होऊन बाजारात पोती उचलत होता. बूट त्याच्या पायात असा बसला की सरांनी उभ्या उभ्या त्याची ॲडमिशन पक्की केली. शिवप्पाचे वडील पुढे महिनाभर गावाला सांगत होते, "पोराला कालेजात घेतल्यात. मार्क इचारले न्हाईत, पाय इचारले!"

शिवप्पाने जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. पहिल्या मॅचला सरांनी त्याला एवढंच सांगितलं, "बॉल पीछे नक्को जाने देना." बॉल आला. शिवप्पाने तो दोन्ही हातांनी धरला, धोतरासारखा झटकला, शर्टाला पुसला आणि चालत जाऊन रेफ्रीच्या हातात दिला.

"सायेब, ह्यो तुमचाच न्हवं?"

पुढच्या मॅचपासून शिवप्पा गोलकीपर झाला. त्याच्या तोडीचा गोलकीपर आमच्या भागात त्या काळी दुसरा नव्हता, हे मी आजही कुणाशीही पैज लावून सांगतो.

*

एकदा आमचा आठ नंबरवाला फॉरवर्ड पाय मुरगळून बाहेर आला. आठ नंबरचा राखीव गडी नेमका बहिणीच्या लग्नाला गेलेला. सात नंबरवाल्यांतला दत्तू म्हणाला, "मी जातो की!" आणि बुटाच्या पुढच्या टोकात त्याने अख्खं वर्तमानपत्र कोंबलं.

पहिलीच जोरदार किक. बॉल एकीकडे, बूट दुसरीकडे! समोरच्या गोलकीपरने काय सुंदर झेप घेतली! हवेतल्या हवेत दोन्ही हातांनी पकडला. बूट. बॉल सावकाश घरंगळत दुसऱ्या कोपऱ्यातून आत गेला.

भांडण पेटलं. रेफ्री शांत माणूस होता. त्याने गोलच्या आत बघितलं, गोलकीपरच्या हातात बघितलं.

"बॉल आत आहे. बूट बाहेर आहे. गोल!"

आम्ही दत्तूला उचलून घेतलं. सर मात्र उलट दिशेला, त्या गोलकीपरकडे धावत सुटले होते. "बूट दे! पैले बूट दे!"

*

हसतो आम्ही, पण सगळ्याच निवडी काही अशा गोड झाल्या नाहीत. औरादकडचा एक पोरगा आला होता. डाव्या पायाने बॉल असा वळवायचा की आम्ही प्रॅक्टिस थांबवून बघत बसायचो. सरांनी पाय बघितला. दहा नंबर. पेटीत दहा नंबरचा बूटच नव्हता. सरांनी त्याला परत पाठवलं.

पुढच्या वर्षी तो बीदरच्या टीमकडून खेळला. एकट्याने आमच्यावर तीन गोल केले.

त्या संध्याकाळी सर ग्राउंडवर पेटीवर बसून होते. शेवटी मलाच म्हणाले, "पाँव देखते देखते खेल देखनाच भूल गया मैं." मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत त्यांनी चूक कबूल केलेली मी तेवढीच ऐकली.

दुसऱ्या दिवशी नवीन पोरं आली. सर म्हणाले, "पाँव दिखाओ."

*

आता माझी निवड. मी निंबर्ग्याचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. होस्टेलच्या नळावर पाय धुऊन फरशीवरून खोलीत गेलो, तर मागून सर ओरडले. फरशीवरच्या माझ्या ओल्या पावलाशी गुडघे टेकून ते बोटांनी माप घेत होते.

"छे नंबर! बराबर छे!" म्हणत त्यांनी मला मिठी मारली.

कारण कॅप्टन मल्लण्णाचा पाय सहा नंबरचा होता आणि त्याला राखीव गडीच नव्हता. आता मी झालो. एवढंच की मल्लण्णाला कधी काही व्हायचंच नाही! पावसात भिजला तरी शिंक नाही, दोघं अंगावर पडले तरी खरचटणं नाही. चार वर्षं मी बाकावर अनवाणी बसून त्याच्या तब्येतीकडे बघत होतो. आहे ते सांगतो, मनात नको ते विचार यायचे.

त्यात तो ग्रुप फोटो. मी बुटका म्हणून पुढे बसवलं आणि फोटोवाल्याने बॉल माझ्याच मांडीवर ठेवला. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो फोटो घरात बुद्धांच्या तसबिरीशेजारी लावला. अख्ख्या निंबर्ग्यात झालं, ह्यांचा पोरगा टीमचा मालक हाय. मी सुट्टीला गेलो की लोक खेळाबद्दल विचारायचे आणि मी मान खाली घालून भाकरी खायचो. लाज वाटायची मला. अप्पांना खरं सांगायची हिंमत काही झाली नाही.

*

शेवटच्या वर्षी फायनल आमच्याच ग्राउंडवर, बीदरशी. आणि न सांगता अप्पा आले! फडक्यात भाकरी, खिशात कांदा कापायचा चाकू. माझ्या बाकामागेच ऐसपैस बसले.

"तू कामून हितं बसलास?"

"माझा नंबर मागनं हाय, अप्पा."

अप्पांनी शेजारच्याला सांगितलं, "ह्याला राखून ठेवल्यात. शेवटाला काढत्यात भाईर."

गोल कुणाचाच होईना. औरादच्या त्या पोराचे दोन फटके शिवप्पाने अडवले. नऊ मिनिटं उरली आणि जे चार वर्षांत झालं नव्हतं ते झालं. मल्लण्णा पडला आणि उठेना. घोटा सुजला होता. त्याला बाहेर आणलं, त्याने बूट काढून माझ्यापुढे ठेवले.

"हो जा शुरू, छे नंबर!" सर ओरडले.

मी पाय घातला. बोटं गेली, टाच जाईना. दोघांनी मागून दाबलं, तरी जाईना! चार वर्षांत तो बूट मी एकदाही घालून बघितला नव्हता. मॅच संपेपर्यंत तो मल्लण्णाच्या पायात आणि संपली की लगेच पेटीत, कुलपाआड! दत्तूने माझं पाऊल हातात धरलं आणि ओरडला, "सर, हे सहा न्हाई! हे तर आमच्यातलं हाय, सात!"

गुलबर्ग्याच्या उन्हात फरशीवरचं ओलं पाऊल वाळायला लागतं, हे सरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सरांनी डोक्याला हात लावला. तिकडे रेफ्री घड्याळ बघत होता. मी बूट धरून रडायच्या बेताला आलो. अप्पांकडे बघवेना.

"आण हिकडं," मागून आवाज आला.

अप्पांनी चाकू काढला आणि कुणाला काही कळायच्या आत दोन्ही बुटांची टोकं कराकरा कापून टाकली.

"घाल आता. पळ."

मी घातले. दहाही बोटं बाहेर! रेफ्री तोच, दत्तूच्या गोलवाला. त्याने वाकून बघितलं.

"बूट आहे. बोटं बाहेर आहेत. चालेल!"

त्या नऊ मिनिटांत बॉल माझ्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा उघड्या अंगठ्यानेच मारला, नख गेलं, पण बॉल आमच्या फॉरवर्डच्या पायाशी पडला आणि त्याने गोल केला! एक-शून्य. मी लंगडत धावलो ते थेट अप्पांकडे. ते शेजारच्याला म्हणत होते, "बोललो न्हवतो? शेवटाला काढत्यात."

एवढ्यात सर आले. हसत नव्हते. त्यांनी माझ्या पायातला एक बूट काढून घेतला, मागून हात घातला आणि पुढून पाच बोटं बाहेर काढून बघितली. अप्पा चटकन उठून उभे राहिले.

"चुकलं बगा, सायेब. पोराचा पाय मोठा हुता."

सरांनी बाकावरच्या सात नंबरवाल्यांकडे बघितलं. आठ नंबरवाल्याकडे बघितलं. मग अप्पांकडे बघितलं.

"अप्पा," सर म्हणाले, "चप्पल निकालो. पाँव दिखाओ."