मांडीतला हरभरा आणि एकट्याचं गाऱ्हाणं

वर्षभर मी देवाशी अबोला धरला होता. लालबागच्या गोविंदा पथकात सगळ्यात खालच्या थराला उभा राहणारा मी, माणसांचा अख्खा डोंगर या मांड्यांवर तोललेला. आणि त्याच मांडीच्या हाडात हरभऱ्याएवढी गाठ! कर्करोग नव्हता, पण रात्री अशी ठणकायची की माझ्या कण्हण्याने कॉटन ग्रीनच्या गोदामांतले उंदीर बिऱ्हाड उचलून शिवडीला गेले. बायको म्हणायची, "अहो, देवाशी भांडलात ते भांडलात, चाळीने काय घोडं मारलंय तुमचं?"

परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हाड उघडायचं नाही. स्कॅनमध्ये बघत बघत बारीक सुई गाठीपर्यंत न्यायची, टोक तापवायचं आणि गाठ जागच्या जागी जाळायची. ऐकायला झकास! प्रत्यक्ष टेबलावर मला अशी थरथर सुटली की टेबल, यंत्र आणि बहुधा निम्मं परळ हलू लागलं. कमरेखाली बधिर करायचं इंजेक्शनसुद्धा देता येईना. बाई म्हणाल्या, "असंच चाललं तर आज करता येणार नाही हं."

मग कसला अबोला! तोंडातून आमचं कोकणातलं गाऱ्हाणंच फुटलं, "बा देवा रवळनाथा, लेकराच्या मांडयेत गोळो बसलो हा, तो भस्म कर रे म्हाराजा!" आणि गप्प झालो. गाऱ्हाणं एकट्याचं नसतंच. एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा, तेव्हा ते पोचतं. माझी माणसं तर सगळी दाराबाहेर.

तोच उशाशी उभ्या असलेल्या केरळी सिस्टर खणखणीत ओरडल्या, "व्हय म्हाराजा!"

मी चाट. "सिस्टर, तुम्ही?"

"सासर देवगड. सासूबाईंनी मराठीच्या आधी हेच शिकवलं. थांबू नका, पुढचं बोला!"

"डॉक्टरबायच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

या खेपेला होकारात खुद्द बाईंचाही आवाज होता. थरथर कधी थांबली आणि बधिर करायचं इंजेक्शन कधी दिलं, कळलंच नाही. हाडात गाठ जळत होती आणि मी छताकडे बघत निवांत पडलो होतो.

त्या रात्री मी असा निपचित झोपलो की बायकोने घाबरून नाकापुढे बोट धरलं. पुढे डॉक्टरबाईंच्या परवानगीने पुन्हा थराखाली उभा राहिलो, आणि मांडीने हूं की चूं केलं नाही. पण जन्मभर 'सगळ्यांचा भार मीच घेतो' ही जी गुर्मी होती, ती त्या टेबलावरच राहिली. तिथे माझा भार दुसऱ्याच कुणीतरी घेतला. सिस्टरांनी की रवळनाथाने, या भानगडीत मी पडत नाही. मागायला तोंड त्याने दिलं, होकाराला माणूसही त्यानेच उभं केलं. मी फक्त अंग सैल सोडलं.