भाऊजींची पाचवी गोष्ट

आमच्या भाऊजींइतका खऱ्याचा पिच्छा पुरवणारा माणूस अख्ख्या नागपुरात झाला नाही. हे वाक्य त्यांच्या हाती पडलं असतं तर त्यांनी कानावरची पेन्सिल काढून त्याखाली रेघ मारली असती आणि विचारलं असतं, "अख्खं नागपूर पाह्यलं का वं तू?" मग मला कबूल करावं लागलं असतं की इंदोरा, जरीपटक्याचा बाजार, बर्डी आणि नोकरीपुरतं धरमपेठ, एवढंच माझं नागपूर. तेव्हा तेवढंच लिहिते. इंदोऱ्यापासून धरमपेठेपर्यंत असा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता याचा मला तेव्हा भारी ताप झाला, आणि आज विचाराल तर अभिमानाने ऊर भरून येतो.

भाऊजी बर्डीवरच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मुद्रितं तपासणाऱ्याने काना-मात्रा पाहावी आणि गप्प बसावं, पण यांना मजकुरातलं जगही तपासायचं असे. कोणी लिहिलं की अमक्या रस्त्याच्या वळणावर कडुलिंब आहे, की हे सुटी झाल्यावर सायकल दामटत तिकडे जाऊन बघून येत. तिथं बाभूळ निघाली तर दुसऱ्या दिवशी लेखकाला चिठ्ठी जाई. शर्टाच्या खिशात शिंप्याची फीत असायची. "ओसरी भलीमोठी होती" असं कोणी लिहिलं आणि ती ओसरी सायकलच्या टप्प्यात असली, तर घरच्यांनी दार उघडून पाहावं तो हा अनोळखी माणूस वाकून ओसरी मोजतो आहे. मालकाने त्यांना दोनदा कामावरून काढलं आणि दोनदा परत बोलावलं, कारण लेखक कुरकुर करत का होईना, पुढच्या पुस्तकाला त्यांनाच मागायचे. माझ्या बहिणीला पाहायला आले तेव्हाही तेच. आमच्या आईने सगळ्या आया सांगतात तसं सांगितलं की पोरगी स्वयंपाकात फार हुशार आहे. भाऊजींनी थेट बहिणीलाच विचारलं. ती घाबरून खरं बोलून गेली की भाकरी जमते, पोळीचा नकाशा होतो. आईने कपाळाला हात लावला. भाऊजी म्हणाले, आपल्याला भाकरीच आवडते, आणि सुपारी फुटली.

दर रविवारी सकाळी त्यांच्या इंदोऱ्याच्या घरी, अंगणात चटई टाकून, ते लिहायला शिकवत. कथा-कविता नाही हं. कथेला ते हातही लावत नसत, म्हणत, तिथं माझी फीत चालत नाही. शिकवायचे ते घडलेल्या गोष्टी लिहायला, आणि घडलेल्या असल्या तरी वाचणाऱ्याने कथेसारख्या धरून बसाव्यात अशा. यायचे कोण, तर गिरणीतले दोन कामगार, मेयो इस्पितळातली एक नर्स, धरमपेठेतून टापटीप कपड्यांत येणारे एक सरकारी कारकून, आणि मी. फी म्हणून बहिणीच्या हातचा चहा उलट आम्हालाच मिळायचा. भाऊजी पंजा पुढे करून सांगत की अशा लिहिण्याला पाच गोष्टी लागतात. घडलेलं पाहिजे. ठिकाण डोळ्यांपुढे उभं राहिलं पाहिजे. माणसं त्यांच्या त्यांच्या तोंडाने बोलली पाहिजेत. आणि लिहिणारा कोण, त्याला त्याचं काय वाटलं, हे कळलं पाहिजे. चार बोटं मिटली की अंगठा उरायचा, आणि तिथं गाडी अडायची. पाचवी गोष्ट दर रविवारी वेगळी. कधी "धीर", कधी "कात्री", कधी "शेजाऱ्याची परवानगी". नर्सबाईंच्या वहीत अकरा पाचव्या गोष्टी होत्या. कारकुनांनी एकदा विचारलं की साहेब, नक्की कोणती धरायची? भाऊजी म्हणाले, अजून सापडली नाही, सापडली की सांगतो.

प्रकारही त्यांनी स्वतःच पाडले होते, तेही कोण कुठे खोटं बोलतो त्यावरून. "आठवणी लिहिणारा स्वतःले मोठा करते. प्रवास लिहिणारा गावाले सुंदर करते. चरित्र लिहिणारा माणसाचा देव करते. अन् व्यक्तिचित्र लिहिणारा त्याच माणसाले येडा करते." शेवटचं मी तेव्हा हसत हसत लिहून घेतलं होतं. आज माझ्याच अंगाशी आलं आहे.

कारकुनांनी एकदा पचमढीच्या प्रवासाचं वर्णन वाचून दाखवलं. पहाटे गाडी एका स्टेशनात थांबली, गार वारा सुटला, कोंबडा आरवला. भाऊजींनी डोळे मिटले होते ते उघडले आणि विचारलं की कोंबडं कोणाचं होतं, प्रवाशाचं की स्टेशनमास्तरचं? कारकून बिचारे लाल झाले. म्हणाले, खरं म्हणजे मी झोपलो होतो. भाऊजींनी मांडीवर थाप मारली आणि सांगितलं की हेच लिहा. त्यांनी लिहिलं की ज्या पहाटेसाठी मी एवढे पैसे खर्चून निघालो तिच्यात मी घोरत होतो. त्या लेखातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं तेवढंच वाक्य आहे.

दुसरी गोष्ट सांगते म्हणजे तुम्हाला माणूस कळेल. वस्तीतले एक म्हातारे वारले, त्यांच्या शोकसभेत जो तो उठून सांगत होता की ते सदा हसतमुख होते. भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले की मी यांना वीस वर्षं ओळखतो, यांना हसताना मी पाहिलं नाही, सकाळी नमस्कार केला तरी अंगावर यायचे. बहिणीने पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, आता मार बसतो. पण भाऊजी पुढे सांगत गेले की कोणाच्याही घरी आजारपण आलं की पहिला हाच माणूस दारात, करवादत औषध घेऊन, करवादत खाट उचलून. सभा संपल्यावर म्हाताऱ्यांची बायको बहिणीजवळ येऊन म्हणाली की बाई, बाकीचे कोणाबद्दल बोलत होते कोण जाणे, माझ्या नवऱ्याबद्दल तुझाच नवरा बोलला.

हे सगळं दुसऱ्यांच्या बाबतीत फार गंमतीचं वाटायचं. मग माझी पाळी आली.

मी पहिल्यांदा मनापासून लिहिलं ते आमच्या बाबांवर. बाबा गिरणीत होते, मी बारा वर्षांची असताना गेले. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी त्यांनी मला खांद्यावर बसवून मैदानात नेलं होतं, तेव्हा मी पाचेक वर्षांची. मला त्यातला त्यांचा खांदा आठवतो, तेलाचा वास आठवतो, आणि गर्दी. तेवढ्यावर लेख उभा केला, आणि शेवटी बाबांच्या तोंडी एक वाक्य घातलं: "बाळ, आज आपली मान कायमची ताठ झाली." लिहिताना मीच रडले. एका साप्ताहिकाने विशेषांकासाठी लेख घेतला. आईला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं लिहिलेलं छापून येणार आणि त्यात आपला नवरा असणार, हे तिने गल्लीभर सांगितलं होतं. रविवारी भाऊजींच्या अंगणात सगळ्यांसमोर तो लेख वाचायचा असं ठरलंही होतं. आणि आमचं नशीब असं, की तो अंक छापायला भाऊजींच्याच छापखान्यात आला.

मंगळवारी संध्याकाळी ते माझ्या लेखाचं मुद्रित घेऊन आमच्या घरी हजर. शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलची रेघ. विचारलं, हे तुझे बाबा म्हणाले का? मी म्हटलं, म्हणाले असतील. "असेल आपण छापत नाही," भाऊजी म्हणाले. "अन् गिरणीतला माणूस असा पुस्तकासारखा काहून बोलून राहिला?"

मी भडकले. म्हटलं, त्या दिवशी त्या मैदानात प्रत्येकाच्या मनात हेच होतं, ते काय खोटं आहे का?

"मनात होतं तर मनात होतं असं लिही. त्यांच्या तोंडात काहून टाकते? गेलेला माणूस. त्याले नाही म्हणता येत नाही."

आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिचा चेहरा उतरला, आणि मला भाऊजींचा मनस्वी राग आला. गुरुवारी सकाळी त्या पानांचा फर्मा छपाईच्या मशीनवर चढायचा होता. मालकाने बजावलं होतं की तोवर मुद्रित मंजूर होऊन आलं नाही तर तुमच्या साळीचा लेख गेला, तिथं चूर्णाची जाहिरात टाकतो. म्हणजे बाबांच्या जागी चूर्ण. बहिणीने त्या दिवशी नवऱ्याला जेवायला वाढलं, पण ताट आपटून.

बुधवारी भाऊजींनी रजा टाकली. मैदानात बाबांच्या शेजारी कोण होतं, असं त्यांनी आईला विचारून घेतलं होतं. खापा गावचे एक विणकर काका होते, बाबांचे जुने सोबती. मुद्रित जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून भाऊजी निघाले, आणि मीही निघाले, निव्वळ भांडण पुरं करायला. एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो, पण मी सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून. खाप्याला काका मागावरच होते. भाऊजींनी त्यांना माझं वाक्य वाचून दाखवलं नाही. फक्त विचारलं की त्या दिवशी हिचे बाबा काय बोलले, आठवते का?

काकांनी पाय थांबवले. माग गप्प झाला. माझ्याकडे बघून म्हातारा हसायलाच लागला.

"तुझा बाप बुटका. मले सारं दिसे, त्याले समोरच्याची पाठ. म्हणून तुले खांद्यावर घेतलं अन् म्हणे, मले काहीच दिसून नाही राहिलं वं, तू सांग काय दिसते. तू म्हणे, सारे पांढरे कपडे दिसते बाबा, अन् एक माणूस खांबावर चढला. तो म्हणे, अजून? तू सांगे. तो म्हणे, अजून? पार शेवटपर्यंत तो तुलेच विचारत होता."

माझ्या डोक्यात तो आवाज लख्ख आला. "अजून?" रात्री गोष्ट सांगतानाही बाबा मलाच विचारायचे, अजून? इतकी वर्षं ते माझ्याजवळच होतं, आणि त्यावर मी आपलं ते ताठ मानेचं वाक्य रचून ठेवलं होतं. परतीच्या गाडीत भाऊजींनी विचारलं, रडून राहिली का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, खरं सांग. म्हटलं, हो. मग त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढून दिली, आणि हलत्या गाडीत, त्यांच्या पाठीवर कागद ठेवून, मी शेवट पुन्हा लिहिला. गुरुवारी सकाळी खिळे जुळवणाऱ्याने दोघांनाही शिव्या घातल्या, जागा कमी पडली म्हणून भाऊजींनी माझ्या पहिल्या परिच्छेदातला सूर्योदय कापला, आणि फर्मा चढला.

रविवारी अंगणात मीच वाचलं. आई पुढे बसली होती, गल्लीतल्या बायका मागे. "मले काहीच दिसून नाही राहिलं वं" हे वाचलं आणि आई एकदम म्हणाली, "बुटकेच होते थे." आणि हसली. बाबा गेल्यापासून त्यांच्या आठवणीने आई हसली ती त्या दिवशी. मग रडली, पण ते हसल्यावर. भाऊजी भिंतीला टेकून फीत बोटाला गुंडाळत उभे होते. पुढच्या रविवारी त्यांनी पंजा उघडला, चार बोटं मिटली, आणि अंगठा धरून म्हणाले, सापडली. "माहीत नाही, असं लिहायची हिंमत." त्यानंतर ती कधी बदलली नाही. नर्सबाईंनी बाकीच्या अकरा खोडल्या.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले. दुपारची वेळ, ते खाटेवर पडून कोणाचं तरी मुद्रित पाहत होते, बहीण चहा ठेवायला आत गेली, आणि बाहेर आली तोवर संपलं होतं. पेन्सिल हातात होती. शोकसभेला कारकून आले, नर्सबाई आल्या, खाप्याहून काकांचा मुलगा आला. मालकही आले आणि रडले. जो तो बहिणीला विचारत होता की शेवटी काय म्हणाले? ती म्हणाली, मी आत होते, मला माहीत नाही. त्या घरात ते वाक्य किती ताठ मानेने म्हटलं गेलं ते मी पाहिलं आहे.

हा लेख लिहिताना मी पुन्हा पुन्हा मनाने भाऊजींच्या खाटेपाशी, त्या दुपारच्या खोलीत जाऊन आले. त्यांच्या तोंडी शोभेल असं एक शेवटचं वाक्य मला सुचलंही आहे. फार सुंदर आहे. ते मी लिहीत नाही.